फोनमध्ये पासवर्ड सेव्ह करावेत का? आणि त्या तिजोरीची किल्ली कुणाकडे असते?

अनेकांच्या कॉन्टॅक्ट लिस्टमध्ये 'बाळू एटीएम' किंवा 'बँक काका' नावाचा एक माणूस असतो. त्याला कधीच कुणी फोन लावत नाही. त्याच्या नंबरातले शेवटचे चार आकडे म्हणजे डेबिट कार्डाचा पिन असतो. कुणी हेच काम व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवून करतं, तर कुणी डायरीच्या पानाचा फोटो काढून गॅलरीत ठेवून देतं.

हीच मंडळी ब्राउझरने 'पासवर्ड सेव्ह करायचा का?' असं विचारलं, की घाईघाईने 'नको' दाबतात. आपला पासवर्ड गुगलच्या हाती कशाला द्यायचा, अशी शंका त्यामागे असते. शंका चुकीची नाही, पण या दोन्हींत जास्त धोक्याची जागा 'बँक काका' हीच आहे.

नोट्स आणि गॅलरीत ठेवलं तर बिघडतं कुठे?

कॉन्टॅक्ट, नोट्स, फोटो या जागा गुपितं ठेवायला बनवलेल्याच नाहीत. कॉन्टॅक्ट वाचायची परवानगी आपण कितीतरी ॲप्सना 'अलाऊ' म्हणत देऊन टाकलेली असते. फोटोंचा बॅकअप क्लाउडवर जातो आणि त्याच खात्याने लॉगिन केलेल्या घरातल्या टॅबवरही दिसतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडं राहिलं, तर स्वतःला पाठवलेला मेसेज बाजूच्या खुर्चीवरूनही वाचता येतो.

'हजारो फोटोंमध्ये तो एक फोटो शोधणार कोण?' हा युक्तिवादही आता टिकत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने 'स्पार्ककॅट' नावाचं मालवेअर उघडकीस आणलं. ते गॅलरीतल्या फोटोंमधला मजकूर वाचायचं आणि त्यातून क्रिप्टो वॉलेटचे रिकव्हरी शब्द हुडकायचं. ते सापडलेली काही ॲप्स गुगल प्ले आणि ॲपलच्या ॲप स्टोअरवर होती. फोटोत लिहिलेलं शोधायला आता माणूस लागत नाही.

पासवर्ड मॅनेजर वेगळं काय करतो?

गुगल पासवर्ड मॅनेजर, ॲपलचं पासवर्ड्स ॲप, बिटवॉर्डनसारखी स्वतंत्र ॲप्स, या सगळ्यांचं मूळ काम एकच. पासवर्ड एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात ठेवायचे.

पण याचा मोठा फायदा दुसराच आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. पासवर्ड कोणत्या वेबसाइटचा आहे, हे मॅनेजरच्या लक्षात असतं. वीज बिल थकल्याचा मेसेज येतो, लिंक उघडते, पान हुबेहूब खरं दिसतं. घाबरलेला माणूस पासवर्ड टाइप करून मोकळा होतो. मॅनेजर मात्र लोगो आणि रंग बघत नाही, तो फक्त पत्ता बघतो. पत्त्यात एका अक्षराचा फरक असला तरी तो पासवर्ड आपणहून भरत नाही. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या पानावर भरला गेला नाही, तर तिथेच थांबावं.

दुसरं म्हणजे, प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवणं यामुळे शक्य होतं. 'रॉकयू' या अमेरिकी कंपनीतून २००९ मध्ये सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड फुटले. ते तिने साध्या मजकुराच्या रूपातच साठवले होते. त्यांत सर्वाधिक वापरलेला पासवर्ड होता १२३४५६. अशा याद्या हाती आल्या, की तोच ईमेल आणि तोच पासवर्ड इतर साइटवर लावून बघितला जातो. हे काम सॉफ्टवेअर करतं, त्यामुळे कंटाळा वगैरे येण्याचा प्रश्न नाही. एखाद्या शॉपिंग साइटवरून फुटलेल्या पासवर्डने जीमेल उघडतं ते असं.

मग मॅनेजर कंपनीच हॅक झाली तर? तसं घडलंही आहे. २०२२ मध्ये हल्लेखोरांनी 'लास्टपास' या कंपनीकडच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअप प्रती पळवल्या. पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, पण कोणत्या वेबसाइटचे आहेत ते पत्ते उघडे होते. अशा वेळी मास्टर पासवर्ड लांब आणि दुसरीकडे कुठेही न वापरलेला असेल, तर चोराच्या हाती बंद तिजोरीच राहते. तो जन्मतारखेचा असेल, तर ती उघडायला फार वेळ लागत नाही.

पण फोनचा पिन कुणाकुणाला माहीत आहे?

खरी मेख इथे आहे. फोनमधले सेव्ह केलेले पासवर्ड बोटाच्या ठशाने उघडतात. ठसा चालला नाही, तर बहुतेक फोन स्क्रीन लॉकचा पिन मागतात. म्हणजे पन्नास खात्यांचे कठीण पासवर्ड शेवटी चार आकड्यांच्या मागे उभे असतात. आपल्याकडे ते चार आकडे गेम खेळणाऱ्या मुलांना माहीत असतात, पाहुण्यांना माहीत असतात आणि डिस्प्ले बदलायला दिलेल्या दुकानात तर ते चिठ्ठीवर लिहून फोनच्या पाठीला चिकटवलेले असतात.

'वॉल स्ट्रीट जर्नल'ने २०२३ मध्ये अमेरिकेतल्या अशा चोऱ्यांवर वृत्तांत दिले होते. बारमध्ये आयफोनचा पासकोड टाकताना चोर खांद्यावरून बघायचे, मग फोन पळवायचे आणि त्याच पासकोडने ॲपल खात्याचा पासवर्ड बदलून मालकालाच बाहेर काढायचे. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये ॲपलने 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' आणलं. ते चालू असेल, तर नेहमीच्या ठिकाणांबाहेर सेव्ह केलेले पासवर्ड बघायला चेहरा किंवा बोटाचा ठसाच लागतो, पासकोड चालत नाही. खात्याचा पासवर्ड बदलायचा असेल, तर वर एक तास थांबावंही लागतं. गुगलनेही २०२५ मध्ये काही अँड्रॉइड फोनसाठी 'आयडेंटिटी चेक' ही अशीच सोय आणली. दोन्ही सेटिंग्जमध्ये सापडतात, आपल्या फोनवर चालू आहेत का ते एकदा बघून घ्यावं.

दुरुस्तीसाठी सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये 'मेंटेनन्स मोड' आणि गुगल पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड' असतो. तो लावला, की दुकानदाराला फोन तपासता येतो, पण तुमचे फोटो, मेसेज आणि ॲप्स दिसत नाहीत. ही सोय नसेल, तर पिन दुकानात देण्याआधी तात्पुरता बदलावा आणि फोन परत आल्यावर पुन्हा बदलावा. एरवीही चारऐवजी सहा आकडी पिन बरा.

कॉम्प्युटरवर काय बघायचं?

विंडोजवर क्रोममधले पासवर्ड तुमच्या विंडोज खात्याशी बांधलेले असतात. त्यामुळे अख्खं घर एकाच खात्यावर काम करत असेल, तर पासवर्डही अख्ख्या घराचेच. फुकटातलं क्रॅक सॉफ्टवेअर टाकताना सोबत येणारी 'इन्फोस्टीलर' मालवेअर नेमकी हीच साठवण उचलतात. क्रोमने जुलै २०२४ मध्ये विंडोजवर आणखी एक संरक्षण जोडलं, पण चोरांनी त्यालाही वाटा शोधल्या. सायबर कॅफे किंवा ऑफिसच्या मशीनवर वैयक्तिक पासवर्ड सेव्ह करूच नयेत.

डायरीत लिहिलं तर चालेल का?

ऐकायला विचित्र वाटेल, पण चालेल. अमेरिकी सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी २००५ मध्येच सांगितलं होतं, की कठीण पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कारण कागदाचे छोटे तुकडे सांभाळायची आपल्याला सवय असते. परदेशात बसलेला हॅकर तुमच्या कपाटापर्यंत पोहोचत नाही. ज्या आजी-आजोबांना ॲप जमत नाही, त्यांच्यासाठी कपाटातली डायरी गॅलरीतल्या फोटोपेक्षा कितीतरी बरी. फक्त यूपीआय आणि एटीएमचा पिन तिच्यातही लिहू नये.

पाठ ठेवावेत असे पासवर्ड मोजकेच: फोनचा पिन, मुख्य ईमेलचा पासवर्ड, मॅनेजर वेगळा असेल तर त्याचा मास्टर पासवर्ड आणि पैशांचे पिन. ईमेल महत्त्वाचा, कारण बाकी खात्यांचं 'फरगॉट पासवर्ड' तिथेच येतं. त्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन हवंच.

पैसे गेले तर जबाबदारी कुणाची?

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची तक्रार बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत केली, तर ग्राहकावर भुर्दंड पडत नाही. पण पिन-पासवर्ड दुसऱ्याला दिल्यासारखा निष्काळजीपणा असेल, तर तक्रार करेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. म्हणून आधी बँकेला कळवायचं आणि लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा.

आणि आपल्यानंतर?

घरातला जो माणूस सगळे व्यवहार बघतो, तोच अचानक गेला, तर फोन कुणालाच उघडता येत नाही आणि विम्याच्या पॉलिसी, म्युच्युअल फंड शोधण्यात घरच्यांचे महिने जातात. गुगलच्या 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये, खातं ठरावीक काळ वापरलं गेलं नाही तर माहिती कुणाला द्यायची, ते आधीच नोंदवता येतं. हा काळ ३ ते १८ महिन्यांत निवडता येतो. ॲपलमध्ये त्यासाठी 'लेगसी कॉन्टॅक्ट' आहे. मात्र या सोयीतून सेव्ह केलेले पासवर्ड वारसाला मिळत नाहीत, त्यामुळे खात्यांची यादी पॉलिसीच्या कागदांसोबत बंद पाकिटात ठेवावी लागते.