बांबूचा तराफा आणि पाणबुड्याची पिशवी

वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता जन्मास येते आणि सिरोंच्यापाशी गोदावरीस मिळते, हे चंद्रपूर-गडचिरोलीकडील शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु या अरण्यातील सागवान एके काळी याच जलमार्गाने राजमहेंद्रीकडे जात असे, आणि ओला साग पाण्यात धड तरंगत नाही म्हणून ओंडक्यांना बांबूंच्या मोळ्या बांधून तराफे सोडावे लागत, ही हकीकत आता बहुधा जंगल खात्याच्या जुन्या दप्तरांतच उरली आहे. पेरापेरांत कोंडलेली हवा जड लाकूड तोलून धरी. बुडालेल्या जहाजावर उतरणाऱ्या पाणबुड्याजवळ जी नारिंगी पिशवी घडी करून अडकवलेली असते, जिला लिफ्ट बॅग म्हणतात, तिचे तत्त्व याहून तसूभरही निराळे नाही.

आमच्या मुलखात समुद्र नाही. बुडाले गलबत पाहावयाचे तर गोवा गाठावा. तेथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सुंची खडकापाशी सतराव्या शतकातील एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष धुंडाळले, तेव्हा हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी असा ऐवज हाती लागला. ती जागा उथळ. खरा पेच पडतो तो तीसएक मीटर खोलीवर, जेथे प्रवाह अंगावर येतो आणि वरची नाव दिसत नाही.

पिशवीचे गणित साधे आहे. पन्नास किलोचा लोखंडी तुकडा समुद्रात सुमारे ४३ किलोच भरतो, आणि तितके लिटर हवा पिशवीत सोडली की तो तळ सोडू लागतो. मात्र ३० मीटरवर पृष्ठभागाच्या चौपट दाब असतो. तेथे भरलेली दहा लिटर हवा १० मीटरवर येईतो वीस लिटर होते आणि शेवटच्या दहा मीटरांतच विसाची चाळीस. म्हणून सुरुवातीस आळसटपणे हलणारी पिशवी वर जाता जाता उधळलेल्या खोंडासारखी धावते. जादा हवा सोडण्याची झडप तिला असावी लागते, आणि तिच्या खाली कोणीही थांबू नये, कारण वर पोचून ती कलंडली तर हवा निसटते आणि ओझे सरळ खाली येते.

ओझे उचलणे हा तिचा एक उपयोग. दुसरा पाणबुड्याच्या स्वतःच्या जिवाचा. ज्या दोरीने उतरलो ती सापडली नाही, तर पिशवीला रिळाची दोरी बांधून ती वर सोडावयाची आणि त्या दोरीच्या आधाराने मिनिटास नऊ मीटरांहून अधिक घाई न करता चढावयाचे; पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावयाचे, म्हणजे रक्तात मुरलेला नायट्रोजन निमूटपणे बाहेर पडतो. त्या वेळी रीळ अंगाला अडकवलेले असू नये: दोरी गुंतली तर पिशवी माणसालाही ओढून नेते.

आता दोरीचे खालचे टोक जहाजाच्या सांगाड्याला बांधावे की मोकळे ठेवावे, यावर जाणत्यांतही दोन तट आहेत. बांधले तर जागा निश्चित राहते. पण प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याची ओढ चौपट होते, आणि दोरीला धरून राहिलेला माणूस वाऱ्यातल्या पताकेसारखा फडफडतो. मोकळा सुटलेला माणूस पाण्याबरोबर वाहत असल्याने त्याला प्रवाह जाणवतही नाही. मात्र एक नॉट वेगाच्या पाण्यात चढणे आणि थांबणे मिळून साडेसहा मिनिटे गेली, तर तो दोनशे मीटर दूर निघतो. पाणी जोरदार असेल तर मोकळे सुटावे, असे मला वाटते, परंतु नावेवरचा माणूस जागा असेल तरच. वैनगंगेवरचा नावाडी डोंगा समोरच्या घाटाकडे कधीच सरळ रोखत नाही. आधी काठाकाठाने वर चढवतो, मग धारेत सोडतो आणि धारेलाच पैलतीराची मजुरी करावयास लावतो.

नावेवरच्या माणसाने पाहावयाचे ते इतकेच, की पिशवी पाण्यावर ताठ उभी आहे. ती आडवी पडून लाटांवर लोळू लागली, तर दोरीच्या खालच्या टोकाला आता कोणाचा भार उरलेला नाही.