उधाण, वारा आणि मुंबई

चक्रीवादळ आले की चर्चा वाऱ्याच्या वेगाची होते; जीव मात्र बहुतेक वेळा पाणीच घेते. वादळाच्या केंद्राखाली हवेचा दाब उतरला की समुद्र फुगतो. एक मिलिबारला साधारण एक सेंटिमीटर, म्हणजे हा वाटा किरकोळच. खरा जोर वाऱ्याचा. तो तासन्‌तास पाणी किनाऱ्याकडे रेटतो, उथळ समुद्रात त्या पाण्याला परत फिरायला जागा उरत नाही आणि ते जमिनीवर चढते. १९७० च्या भोला चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात असेच पाणी चढून लाखो माणसे दगावली.

मुंबईत सारा प्रश्न वेळेचा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला इथली भरती साडेचार मीटरच्या पुढे जाते. वादळाचे पाणी तिच्यावर स्वार झाले तर अनर्थ. ओहोटीला आले तर बरेचसे निभावते.

३ जून २०२० रोजी, वटपौर्णिमा दोन दिवसांवर असताना, 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. उत्तर गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर केंद्राच्या दक्षिणेला तो समुद्राकडून येतो, तर उत्तरेला जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. मुंबई उत्तरेला होती, म्हणून वाचली. दक्षिणेला रत्नागिरीत मिऱ्याच्या किनाऱ्यावर अख्खे जहाज येऊन आदळले. हेच वादळ पालघरला धडकते, तर मुंबई त्याच्या वाईट बाजूला सापडली असती. यात शहराची तयारी कमी आणि नशीब जास्त.

वादळाविनाही भरती छळतेच. हिंगोलीकडे कयाधूला पूर आला तर पाणी उताराने पुढे निघून जाते. मुंबईत भरतीच्या वेळी समुद्रच गटारांची तोंडे बंद करतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यात भरती आली आणि मिठी नदी वस्त्यांत शिरली. त्यानंतर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी उदंचन केंद्रे उभी राहिली. भरतीला दरवाजे लावायचे आणि आतले पाणी पंपाने समुद्रात फेकायचे, हे त्यांचे काम.

लाटांचा जोर मोडणारी खारफुटी मात्र भरावाखाली बरीच गेली. वांद्रे-कुर्ला संकुल अशाच खाजणावर उभे आहे. पंप पावसाचे पाणी उपसतात. वर्सोव्याचा किंवा माहीमचा किनारा ओलांडून आत येणाऱ्या समुद्रापुढे त्यांचा उपयोग नाही.