वेताळाचा जांभळा पोशाख कोठे असतो?

हातात चित्रकथा दिसली की "आधी अभ्यासाचे पुस्तक काढ" असे घरोघरी ऐकू येते. चित्रे पाहायला डोके लागत नाही, असा समज त्यामागे असतो. तो कितपत खरा आहे, हे आज आपण भिंग घेऊन तपासू.

१९६४ साली मुंबईहून 'इंद्रजाल कॉमिक्स' निघू लागले आणि वेताळ मराठी घरांत येऊन पोहोचला. १९९० साली ही मालिका बंद पडली. पण तिचे जुने अंक अजून एखाद्या कपाटात किंवा रद्दीच्या गठ्ठ्यात सापडतात. तसा अंक न मिळाल्यास 'अमर चित्र कथा'चे पुस्तक घ्या. आमच्या मानोरा तालुक्यात पोहरादेवीला रामनवमीची मोठी यात्रा भरते. अशा यात्रेतून आणलेले छापील रंगीत चित्रही चालेल. आता शाळेच्या प्रयोगशाळेतून सुमारे पाच सेंटीमीटर नाभीय अंतराचे बहिर्गोल भिंग मागून घ्या आणि ते वेताळाच्या जांभळ्या पोशाखावर धरा.

काय दिसले? सलग जांभळा रंग नाहीसा झाला! त्याच्या जागी किरमिजी आणि आकाशी रंगांचे बारीक ठिपके आहेत. काही शेजारी शेजारी, तर काही एकमेकांवर चढलेले. हिरवे जंगल पाहा : तेथे पिवळे आणि आकाशी ठिपके. चेहऱ्याच्या रंगात पिवळ्या ठिपक्यांत विखुरलेले थोडे किरमिजी. रंगीत छपाईत सामान्यतः चारच शाया वापरतात : पिवळी, किरमिजी, आकाशी आणि काळी. पिवळी शाई पांढऱ्या प्रकाशातील निळा भाग शोषून घेते, किरमिजी शाई हिरवा, तर आकाशी शाई तांबडा. उरलेला प्रकाश कागदावरून परावर्तित होऊन आपल्या डोळ्यांत येतो. ठिपके लहान-मोठे केले की रंग फिका किंवा गडद होतो.

मग नुसत्या डोळ्यांना हे ठिपके सहसा जाणवत का नाहीत? दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांनी डोळ्याशी किमान एक मिनिटाचा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन करावा लागतो. त्याहून कोन लहान झाला की दोन्हींचा प्रकाश मिसळून एकच रंग दिसतो. हे तुम्ही स्वतः मोजू शकता. पांढऱ्या कागदावर एक मिलिमीटर जाडीच्या दोन काळ्या रेषा काढा व त्यांमध्ये एक मिलिमीटर जागा मोकळी सोडा. कागद भरपूर उजेडात भिंतीवर लावा आणि मागे मागे सरकत जा. रेषा एकमेकींत मिसळल्या की थांबा व अंतर मोजा. निरोगी डोळ्यांसाठी ते सुमारे साडेतीन मीटर येते. आता चित्रकथेचे पान तसेच लावा. समजा, एक मीटरवर ठिपके विरले; तर ठिपक्यांमधील मोकळी जागा सुमारे ०.३ मिलिमीटर आहे, हे साध्या त्रैराशिकाने काढता येईल.

शिक्षकांना एक विनंती. हा प्रयोग वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घ्यावा व अंतरे फळ्यावर लिहावीत. एखाद्याच्या रेषा दीड मीटरवरच मिसळल्या, तर त्याला फळ्यावरचे अक्षरही नीट दिसत नसण्याचा संभव आहे. अशा मुलाचे डोळे तपासून घ्यावेत. 'लक्ष देत नाही' म्हणून बोलणी खाणाऱ्या मुलाला कधीकधी केवळ चष्म्याची गरज असते.

मोजक्या शायांतून अनेक रंग दाखवण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत चित्रांचा छापखाना काढला. तेथे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करून एकाच कागदावर एकामागून एक रंग छापीत. एखादा दगड केसभर सरकला, तर साडीचा रंग काठाबाहेर जाई. जुन्या चित्रकथांतही वेताळाचा जांभळा रंग कधीकधी काळ्या रेषेबाहेर सांडलेला दिसतो, तो याच कारणाने.

या छापखान्याच्या कामाशी काही काळ संबंध आलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट पडद्यावर आणला. चित्रपटात स्थिर चित्रे इतक्या भराभर येतात की डोळ्यांना सलग हालचाल दिसते. चित्रकथेत मात्र ही सोय नाही. एका चौकटीत वेताळाने मूठ उगारलेली असते, पुढच्या चौकटीत चाचा जमिनीवर पडलेला असतो. ठोसा कोणत्याच चौकटीत नाही! तो दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत आहे, आणि तो तेथे वाचकाच्या मनाने घातलेला असतो.

म्हणजे जांभळा रंग डोळा तयार करतो आणि ठोसा मन तयार करते. चित्रकार अर्धे चित्र कागदावर ठेवतो, उरलेले अर्धे वाचक पुरे करतो. चित्रे पाहायला डोके लागत नाही, हे म्हणणे या तपासणीत टिकत नाही. तेव्हा पुढच्या वेळी चित्रकथा उघडाल, तेव्हा एक पान भिंगातून पाहा, आणि घरातील मोठ्यांनाही ते दाखवा. मात्र त्याआधी अभ्यासाचे पुस्तक वाचून झालेले असू द्या!