जुन्या अमेरिकन इंजिनाची पारख

जुन्या अमेरिकन 'मसल' गाड्यांच्या बाजारात इंजिनाला भाव मिळतो तो आवाजावर नव्हे, नंबरावर. बोरिंग, होनिंग आणि खरादीचे काम करणाऱ्या आपल्या बांधवांनी हा धंदा समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यात मशीनच्या एका कटाने मालाची किंमत उतरते.

उदाहरणाला शेव्हरोलेचे 'स्मॉल ब्लॉक' व्ही-८ घेऊ. १९५५ साली ते २६५ घन इंचाचे निघाले. पुढे ३२७, ३०२ आणि ३५० आली. या तिघांचे बोअर एकच, चार इंच. फरक क्रँकच्या स्ट्रोकचा : ३०२ चा ३.००, ३२७ चा ३.२५, ३५० चा ३.४८ इंच. बाहेरून पाहणाऱ्याला काय कळणार? रंग आणि झाकणे तर बाजारात मिळतात.

ब्लॉकच्या मागे, गिअरबॉक्स बसतो त्या कडेवर, ड्रायव्हरच्या बाजूस (अमेरिकेत ती डावी) ओतीव नंबर असतो. तो साचा सांगतो, इंजिन नव्हे. ओतकामाच्या तारखेत महिन्याचे अक्षर, दिवस आणि वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. 'सी १४ ९' म्हणजे १४ मार्च. पण १९६९ की १९७९, हे इतर खुणांवरून ठरवावे लागते.

खरी साक्ष पुढे आहे. उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकवर लहानशी सपाट जागा असते. तिच्यावर ठोकलेले 'व्ही' म्हणजे फ्लिंटचा कारखाना, मग महिना, दिवस आणि कोड. १९६९ च्या कॅमॅरो झेड/२८ मधल्या ३०२ चा कोड 'डीझेड'. चेसिस नंबराचा भागही इंजिनावर ठोकलेला असला आणि तो गाडीशी जुळला, तर भाव फार चढतो.

अडचण अशी की ही जागा हेड बसते त्याच पातळीत आहे. ब्लॉकचे तोंड सरसकट घासले की नंबर गेला. म्हणून घासण्यापूर्वी फोटो काढावा, गिऱ्हाइकाची लेखी संमती घ्यावी, शक्य तर ती जागा सोडून कट घ्यावा. पुसलेला नंबर पुन्हा ठोकून द्या, असे कोणी म्हटले तर हात आखडावा. खोट झाकून विकलेल्या मालाची कमाई आपल्या दीनात हलाल नाही. आणि पारखी गिऱ्हाईक कारखान्याच्या मशीनच्या बारीक समांतर रेघा पाहतोच.

नंबराची किंमत नसलेला ३५० चा ब्लॉक मात्र ताकदीसाठी मोकळेपणाने बांधावा. आधी तडे तपासावेत. बोअर ३० थाऊ वाढवला की ३५५ घन इंच होतात. त्यातच ४०० इंजिनाचा ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक बसवला की ३८३. त्यासाठी क्रँकचे मेन जर्नल २.६५ वरून २.४५ इंचावर ग्राइंड करावे लागतात, आणि कनेक्टिंग रॉड फिरताना ब्लॉकला घासत नाही ना, हे हाताने फिरवून पाहावे लागते. मेन कॅप दोन बोल्टची की चार, हे ऑइल पॅन उतरवल्याशिवाय खात्रीने सांगू नये.

हॉर्सपॉवरच्या आकड्यांनीही फसू नये. कॉर्व्हेटच्या एलटी-१ ची ताकद १९७० मध्ये ३७० लिहिली जाई, १९७२ मध्ये २५५. कॉम्प्रेशन उतरले हे खरे, पण मोजण्याची रीतही बदलली होती. आता पेट्रोलमध्ये शिसे नाही, तेव्हा जुन्या हेडला एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवाव्यात. सपाट टॅपेटच्या कॅमला जस्तयुक्त ऑइल घालावे. आजच्या साध्या ऑइलवर नवा कॅम लवकर खाल्ला जातो, आणि बोलणी मिस्त्री खातो.