नकाशावरची खूण उपग्रह टाकत नाही

मोबाइलच्या नकाशावर एखादे दुकान, दवाखाना किंवा रस्ता दिसला की तो उपग्रहाने वरून पाहून तिथे उमटवला असणार, अशी समजूत सर्रास आढळते. 'सॅटेलाइटवरून दिसतंय ना, मग असणारच' हे वाक्य रिक्षात, लग्नाच्या वऱ्हाडात, गडाच्या वाटेवर आणि सरकारी कचेरीतही ऐकू येते. नकाशा म्हणजे पृथ्वीचे चालू चित्र आणि चित्र खोटे बोलत नाही, असा त्यामागचा हिशेब असतो. वस्तुस्थिती जवळपास उलट आहे. नकाशावरची प्रत्येक खूण, प्रत्येक नाव आणि प्रत्येक वाट ही कोणीतरी कधीतरी केलेली नोंद असते. ती माणसाने केलेली असेल, सरकारी खात्याकडून घेतलेली असेल किंवा छायाचित्रावरून रेषा काढणाऱ्या संगणकाची असेल. नोंद बरोबर असू शकते, चुकू शकते आणि शिळीही होऊ शकते.

गोंधळाचे पहिले कारण असे की 'सॅटेलाइट' या एका शब्दात दोन वेगळ्या यंत्रणा कोंबल्या जातात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. जमिनीचे फोटो काढणे हे त्यांचे काम नाही. ते अचूक घड्याळानुसार वेळ आणि स्वतःचे स्थान सतत प्रक्षेपित करत राहतात, एवढेच. फोन किमान चार उपग्रहांचे संदेश ऐकतो, प्रत्येक संदेश पोहोचायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून आपली जागा स्वतःच काढतो. आकाशवाणीच्या केंद्राला आपला कार्यक्रम कोणत्या घरात लागला आहे हे जसे कळत नाही, तसेच कोणता फोन कुठे आहे हे या उपग्रहांना कळत नाही. भारताच्या 'नाविक' या स्थान सांगणाऱ्या यंत्रणेचे उपग्रहही याच तत्त्वावर चालतात. थोडक्यात, जीपीएस 'तुम्ही कुठे आहात' एवढेच सांगू देते. 'तिथे काय आहे' याचा त्याला पत्ताच नसतो.

छायाचित्रे काढणारे उपग्रह निराळे. त्यांतला वर्ल्डव्ह्यू-३ हा व्यापारी उपग्रह २०१४ मध्ये सोडला गेला. तो सुमारे ६१७ किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि त्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरचे साधारण ३१ सेंटिमीटर व्यापतो. एवढ्या बारकाव्यात मोटार ओळखू येते, दुकानाची पाटी वाचता येत नाही. शिवाय पाटी भिंतीवर उभी असते आणि कॅमेरा वरून पाहतो. पत्र्याच्या छपराखाली किराणा दुकान आहे की पिठाची गिरणी, रस्ता एकेरी आहे की दुहेरी, वाड्याचे फाटक रात्री बंद होते की नाही, यांतले काहीही वरून कळण्याजोगे नाही. हे चित्र चालू वेळेचेही नसते. नकाशात दिसणारी चित्रे बहुधा काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत जुनी असतात, आणि शहरांच्या बाबतीत अनेकदा ती विमानातून घेतलेली असतात.

मग खूण येते कुठून? नकाशाचे अ‍ॅप म्हणजे एकावर एक ठेवलेले थर असतात. तळाशी पार्श्वभूमी, म्हणजे छायाचित्र किंवा रंगवलेला नकाशा. तिच्यावर रस्त्यांच्या रेषा आणि सगळ्यांत वर खुणा. खूण म्हणजे अक्षांश, रेखांश आणि त्यांना चिकटवलेली माहिती: नाव, प्रकार, वेळ, फोन. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ब्रिटनमध्ये सुरू केलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशात ही रचना उघड दिसते. तिथे मूळ घटक तीनच आहेत: एक बिंदू, अनेक बिंदू क्रमाने जोडून झालेली रेषा, आणि बिंदू-रेषांचे नाते सांगणारा गट. बसथांबा हा बिंदू, रस्ता ही रेषा आणि बसमार्ग हा अशा अनेक रेषांचा गट. बाकी सारे त्यांना जोडलेल्या माहितीच्या चिठ्ठ्यांत, म्हणजे टॅगमध्ये, लिहिले जाते. हे टॅग जगभरचे स्वयंसेवक लिहितात. खासगी कंपन्यांच्या नकाशांत हीच नोंद दुकानदार, वापरकर्ते, कंपनीचे कर्मचारी, विकत घेतलेले माहितीसंच आणि संगणकीय ओळख यांच्याकडून येते.

नोंद चुकली की काय होते, याचा सर्वांत बोलका पुरावा प्रशांत महासागरात आहे. न्यू कॅलेडोनियाजवळ 'सँडी आयलंड' नावाचे मोठे बेट अनेक नकाशांवर होते, गुगलच्या नकाशावरही होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये सदर्न सर्व्हेयर हे ऑस्ट्रेलियाचे संशोधन जहाज त्या जागी पोहोचले, तेव्हा तिथे हजार मीटरांहून खोल समुद्र निघाला. १८७६ मध्ये व्हेलॉसिटी या जहाजाने केलेली नोंद नकाशांतून संगणकीय माहितीसंचात आणि तिथून ऑनलाइन नकाशात उतरत गेली होती. ऑनलाइन नकाशांच्या काळात उपग्रह डोक्यावरून रोज जात होते, पण कोणत्याही उपग्रहाने ते बेट खोडले नाही. इंग्लंडच्या लँकशायरमध्ये 'आर्गल्टन' नावाचे गाव गुगलच्या नकाशावर काही काळ होते. प्रत्यक्षात तिथे शेत होते. पाकिस्तानात रावळपिंडीजवळ २०१५ मध्ये कोणीतरी एका कंपनीच्या बोधचिन्हावर लघवी करणारा रोबो नकाशात रेखाटला आणि तो प्रसिद्धही झाला. लोकांना दुरुस्त्या करू देणारी गुगलची मॅप मेकर ही सुविधा त्यानंतर काही काळ थांबवावी लागली आणि २०१७ मध्ये ती कायमची बंद झाली. एवढे होऊनही 'नकाशावर आहे म्हणजे आहे' हे ठामपणे सांगितले जाते, याचे नवल वाटते.

मार्गाच्या बाबतीत हा गैरसमज जिवावर बेततो. अ‍ॅप रस्ता 'बघून' दाखवते, असे वाटते. खरे तर ते रेषांच्या जाळ्यावर गणित करते. प्रत्येक तुकड्याला वेळेची किंमत दिलेली असते आणि एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीच्या कुळातली गणिते कमीत कमी किमतीचा मार्ग शोधतात. दोन रस्ते पडद्यावर एकमेकांना छेदताना दिसले तरी त्यांच्यात सामाईक बिंदू नसेल, तर गणिताच्या लेखी ते भेटतच नाहीत. उड्डाणपूल आणि खालचा रस्ता यांच्यासाठी ते योग्यच आहे. पण नवी गल्ली काढणाऱ्याने रेषेचे टोक मुख्य रस्त्याला जोडलेच नाही, तर नकाशा सुबक दिसतो आणि अ‍ॅप मात्र गावाला वळसा घालायला लावते. उलट, तुटलेल्या पुलाची रेषा कोणी खोडली नसेल, तर गणित गाडी निमूटपणे त्या पुलावर पाठवते.

जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळ परिसरात असेच घडले. वर्षातले काही महिने पाण्याखाली राहणाऱ्या पुलावर रात्रीच्या अंधारात मोटार गेली, धरणाच्या पाण्यात बुडाली आणि एकाचा जीव गेला. अ‍ॅपने दाखवलेल्या वाटेने गाडी चालली होती, असे बातम्यांत आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून मोटार रामगंगेच्या पात्रात कोसळून तिघांचा मृत्यू झाला. तिथेही अ‍ॅपच्या मार्गाचा उल्लेख झाला. रस्त्यावर अडथळा आणि सूचनाफलक लावणे ही प्रशासनाची जबाबदारी आहेच. पण पूल काही महिने पाण्याखाली जातो ही गोष्ट नकाशाला आपोआप कळेल, हा भ्रमही तितकाच घातक आहे. ठरावीक काळात रस्ता बंद असतो, अशी अट लिहिण्याची सोय ओपनस्ट्रीटमॅपमध्ये आहे. ती लिहायला मात्र तिथला माणूस लागतो.

रहदारीचा लाल-हिरवा रंगही वरून टिपलेला नसतो. रस्त्यावरून जाणारे फोन आपला वेग कळवतात आणि त्यावरून कोंडीचा अंदाज बांधला जातो. सायमन वेकर्ट या जर्मन कलाकाराने २०२० मध्ये दाखवलेल्या प्रयोगात ९९ फोन एका हातगाडीत घालून बर्लिनच्या मोकळ्या रस्त्यांवरून ती सावकाश ओढली होती. नकाशावर ते रस्ते लाल झाले. वरून पाहणाऱ्याला तिथे एक माणूस आणि एक गाडी दिसली असती.

उरलेले गैरसमज लहान आहेत, पण चिवट आहेत.

'इंटरनेट नसेल तर जीपीएस चालत नाही.' चालते. इंटरनेट लागते ते नकाशा उतरवायला आणि पहिले स्थान लवकर मिळवायला. नकाशा आधीच फोनमध्ये घेतला असेल, तर मोबाइलची रेंज नसलेल्या घाटातही स्थान मिळते.

'दशांश चिन्हापुढे जितके अंक, तितकी अचूकता.' अक्षांशाचा पाचवा दशांश अंक जमिनीवर सुमारे १.१ मीटर आणि सहावा सुमारे ११ सेंटिमीटर दाखवतो. अमेरिकी सरकारच्या जीपीएस संकेतस्थळानुसार साधा फोन मोकळ्या आकाशाखाली साधारण ४.९ मीटरच्या त्रिज्येत अचूक असतो. इमारती, झाडी आणि कड्यांजवळ आणखी कमी. पुढचे अंक नुसती सजावट ठरतात.

'अक्षांश आधी की रेखांश आधी, काय फरक पडतो?' पुण्याचे अंक १८.५२ आणि ७३.८६ आहेत. शोधपेटीत अक्षांश आधी लिहितात, पण जिओजेसन आणि केएमएल या फायलींत रेखांश आधी असतो. क्रम उलटला की पुण्याची खूण नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाच्या दक्षिणेकडच्या समुद्रात पडते. आकडे रिकामे राहून शून्य-शून्य धरले गेले, तर ती आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात जाते.

'ट्रॅकमधली उंची समुद्रसपाटीपासूनची असते.' नेहमी नाही. ट्रॅक म्हणजे फोनने टिपलेली आपल्या वाटेची नोंद. जीपीएस मूळ उंची एका गणिती लंबगोलापासून मोजते, आणि भारताच्या परिसरात प्रत्यक्ष समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या बरीच खाली आहे. दुरुस्ती न केलेल्या फाइलमध्ये मुंबईचा किनाराही उणे उंचीवर दिसू शकतो.

'आपला ट्रॅक टाकला तर कोणाचे काय बिघडते?' स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपने प्रसिद्ध केलेल्या एकत्रित नकाशातून जानेवारी २०१८ मध्ये लष्करी तळांवरच्या धावण्याच्या वाटा उघड झाल्या. रोजच्या ट्रॅकचे पहिले टोक म्हणजे बहुतेकदा स्वतःचे घर असते.

'एका नकाशावरून दुसऱ्यावर उतरवले तर चालते.' चालत नाही. व्यापारी नकाशातली माहिती ओपनस्ट्रीटमॅपमध्ये उतरवण्यास त्या प्रकल्पातच मनाई आहे.

'भारतात नकाशा बनवायला परवानगी लागते.' १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय व्यक्ती आणि कंपन्यांना पूर्वपरवानगी लागत नाही. संवेदनशील बाबींवर आणि परदेशी कंपन्यांवर मर्यादा आहेत.

'अ‍ॅपमधली सीमा अधिकृत असते.' २०१० मध्ये निकाराग्वाच्या बाजूने कोस्टारिकाशी झालेल्या सीमावादात गुगलच्या नकाशाचा दाखला दिला गेला आणि ती रेषाच चुकलेली निघाली. भारताच्या सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी विसंगत दाखवणे हा १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमानुसार गुन्हा आहे. शेताच्या बांधावर टाकलेली पिनही मालकी सिद्ध करत नाही. मालकीच्या नोंदीसाठी सातबारा आणि हद्दीसाठी भूमी अभिलेख खात्याची मोजणी पाहावी लागते.

खूण टाकताना पाळण्याचे नियम यावरूनच ठरतात. खूण इमारतीच्या मधोमध टाकण्यापेक्षा प्रवेशद्वाराशी टाकली, तर येणारा माणूस मागच्या गल्लीत अडकत नाही. नाव पाटीवर आहे तसे लिहावे. रस्त्याची रेषा जोडून, ती पडद्यावर मोठी करून तपासावी. ट्रॅकमधले भरकटलेले बिंदू काढून टाकावेत. छायाचित्रावरून रेषा काढली असेल तर चित्र कधीचे आहे ते पाहावे; गुगल अर्थमध्ये चित्राची तारीख दिसते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक बदल कोणी आणि केव्हा केला हेही पाहता येते. व्यापारी नकाशांत खुणेचा असा इतिहास सहसा दिसत नाही. तिथे अनोळखी वाटेला लागण्यापूर्वी, विशेषतः रात्री आणि पावसाळ्यात, त्या भागातल्या माणसाला विचारून खात्री करावी.