रॉकेटचं भाडं उतरतंय : आपल्या मुलांसाठी काय?

घाटनांदूर (ता. अंबाजोगाई) : आपल्या स्टेशनावरून रेल्वे हैदराबादकडे जाते. त्याच हैदराबादच्या स्कायरूट या खासगी कंपनीने १८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘विक्रम-एस’ हे रॉकेट उडवलं. ते सुमारे ८९ किलोमीटर उंच गेलं. ३० मे २०२४ रोजी चेन्नईच्या अग्निकुलने थ्रीडी प्रिंटिंगने बनवलेल्या इंजिनावर रॉकेट उडवलं. दोन्ही चाचणी उड्डाणं होती, उपग्रह कक्षेत सोडलेला नाही. पण जे काम पूर्वी फक्त सरकार करायचं, त्यात आता खासगी कंपन्या उतरल्या आहेत.

स्वस्त कसं झालं?

अंबाजोगाईला जायला नवी जीप घ्यायची आणि एका फेरीनंतर भंगारात टाकायची, असं केलं तर भाडं कुणाला परवडेल? बहुतेक रॉकेटचं असंच होतं. अमेरिकेच्या स्पेसएक्सने डिसेंबर २०१५ मध्ये फाल्कन ९ चा खालचा टप्पा जमिनीवर परत उतरवला आणि २०१७ पासून तोच टप्पा पुन्हा वापरायला सुरुवात केली. एका अंदाजानुसार, स्पेस शटलने एक किलो वजन वर न्यायला सुमारे ५४,५०० डॉलर लागायचे. फाल्कन ९ ने तेच काम सुमारे २,७०० डॉलरमध्ये होतं.

दुसरा मार्ग काळी-पिवळीसारखा, म्हणजे सीट शेअर करायची. इस्रोच्या पीएसएलव्हीने १५ फेब्रुवारी २०१७ रोजी एकाच फेरीत १०४ उपग्रह सोडले. त्याआधी जून २०१६ मध्ये पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, जेमतेम एक किलोचा ‘स्वयम्’ असाच इतर उपग्रहांसोबत वर गेला.

आपला संबंध काय?

उपग्रह स्वस्तात वर गेले की त्यांची संख्या वाढते आणि शेताचे फोटो लवकर लवकर मिळतात. दुष्काळ ठरवण्याच्या केंद्राच्या २०१६ च्या नियमावलीत पाऊस आणि पेऱ्यासोबत उपग्रहाने टिपलेली पिकाची हिरवाईही पाहिली जाते. बीड जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट रोजगाराची. रॉकेट फक्त शास्त्रज्ञ बनवत नाहीत. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये इस्रोची ‘विकास’ इंजिनं तयार होतात, तर पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरला रॉकेटच्या मोटरची आवरणं. तिथे वेल्डर, फिटर, मशिनिस्ट लागतात. इस्रोही आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांची भरती करते. जागा मोजक्या आणि स्पर्धा मोठी, हे खरं. पण हाच हुनर दुसऱ्या कारखान्यातही चालतो, म्हणून शिकलेलं वाया जात नाही.

रामेश्वरमच्या साध्या घरातले डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम एसएलव्ही-३ चे प्रकल्प संचालक होते. ऑगस्ट १९७९ चं पहिलं उड्डाण फसलं, १८ जुलै १९८० चं यशस्वी झालं. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ मोहिमेच्या प्रकल्प संचालक निगार शाजी याही तामिळनाडूतल्या छोट्या गावातल्या. म्हणून मुलींची तालीम दहावीवर थांबवू नका.

पालकांनी काय करावं?

नववीतल्या मुला-मुलींसाठी इस्रोचा ‘युविका’ हा उन्हाळी कार्यक्रम असतो. अर्ज ऑनलाइन भरायचा. ग्रामीण शाळांच्या मुलांना निवडीत जादा गुण मिळतात, आणि प्रवास-राहण्याचा खर्च इस्रो करते. बारावीनंतर तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीत बी.टेक.ला प्रवेश जेईई अॅडव्हान्स्डच्या गुणांवर मिळतो. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना, मॅडमना आजच विचारा. फॉर्मची तारीख एकदा निघून गेली की वर्ष जातं, आणि नववी पुन्हा येत नाही.