ट्रेलरच्या डोक्यावर तंबू!

दोस्तांनो, तंबू म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? जमिनीत ठोकलेल्या खुंट्या, ताणलेल्या दोऱ्या आणि रात्री पाऊस आलाच तर सतरंजीखाली शिरणारं पाणी! पण एकही खुंटी न ठोकता चांगला चार-पाच फूट उंचावर उभा राहणारा आणि सकाळी घडी होऊन चाकांवरून पुढच्या गावाला निघणारा तंबू असतो, हे ठाऊक आहे का?

मोटारीच्या टपावर तंबू बसवायची कल्पना तशी जुनी. इटलीत १९५८ साली ‘मॅगिओलिना’ नावाचा टपावरचा तंबू निघाला. पुढे पूर्व जर्मनीत गेरहार्ड म्युलर या गृहस्थांनी ‘ट्राबांट’ मोटारीसाठी असाच तंबू बनवला. ट्राबांट म्हणजे जेमतेम ६०० किलोंची चिमुकली गाडी. लोक तिच्यातून सहलीला जात आणि रात्री तिच्याच डोक्यावर झोपत! त्याच देशात ‘क्लॅपफिक्स’ नावाचा छोटा ट्रेलरही होता. त्याचं झाकण उघडून बाजूला पसरलं की आतून तंबू बाहेर येई.

आज अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांत हौशी मंडळी या दोन्ही कल्पना एकत्र करतात. लाकडं, माती किंवा गवत कापायचं यंत्र न्यायला तिथं बऱ्याच घरी चार फूट रुंद, आठ फूट लांब असा दोन चाकांचा साधा ट्रेलर असतो. त्याच्यावरच ते टपावरचा तंबू चढवतात.

टप सोडून ट्रेलर कशाला, असं विचाराल. त्याला कारणं आहेत. घडीचा तंबू साधारण ५० ते ७० किलोंचा असतो आणि पुष्कळ छोट्या मोटारींच्या टपाला चालत्या गाडीत एवढं ओझं सोसत नाही. ट्रेलरवर तंबू बराच खाली राहतो, त्यामुळे शिडीही लहान पुरते. शिवाय मुक्कामाला पोचल्यावर ट्रेलर सोडून ठेवायचा आणि मोटार घेऊन खुशाल दूध-भाजी आणायला जायचं. बिऱ्हाड जागच्या जागी!

आता तो बसवतात कसा, ते पाहू. ट्रेलरच्या चार कोपऱ्यांवर लोखंडी खांब वेल्डिंग करून किंवा बोल्टनं पक्के करतात. त्यांच्यावर दोन मजबूत आडव्या पट्ट्या बसवतात. तंबूच्या तळाला खाचा असलेल्या दोन लांब पट्ट्या असतात. त्या खाचांत बोल्ट सरकवून खालच्या पट्ट्यांना आवळतात. धक्क्यांनी नट सैल पडू नयेत म्हणून आतून नायलॉनचं कडं असलेले नट वापरतात. तरीसुद्धा पहिले काही मैल गेल्यावर गाडी थांबवून प्रत्येक नट पुन्हा तपासायचा, हा शहाण्या माणसांचा नियम.

पण खरी कसोटी पुढेच आहे. तंबू ट्रेलरच्या नेमक्या कोणत्या जागी ठेवायचा? बैलगाडी हाकणाऱ्या आजोबांना विचारा, ते चटकन सांगतील. गाडीत मागं जास्त ओझं झालं की गाडी ‘उलार’ होते, म्हणजे पुढचं टोक वर उचललं जातं. अति पुढं झालं तर जू बैलांच्या मानेवर रुतून बसतं. ट्रेलरचंही तसंच. मागं जड झालेला ट्रेलर वेगात शेपटीसारखा डावी-उजवीकडे डोलू लागतो आणि ओढणाऱ्या मोटारीलाही रस्त्याबाहेर फेकू शकतो.

म्हणून अमेरिकेत एक हिशोब पाळतात. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार पुढच्या हुकावर पडला पाहिजे. समजा, आपला ट्रेलर सामानासकट ३२० किलोंचा आहे. म्हणजे हुकावर ३२ ते ४८ किलो हवेत. त्यातला तंबू ६४ किलोंचा आहे, आणि चाकांच्या आसापासून हूक ८ फुटांवर आहे. तंबूचा मध्य आसाच्या १ फूट पुढं ठेवला, तर त्याच्यामुळे हुकावर ६४ × १ ÷ ८ = ८ किलो भार वाढतो. १ फूट मागं ठेवला, तर तेवढाच कमी होतो. म्हणजे फरक १६ किलोंचा! आधी हुकावर ४० किलो असतील, तर आता उरले २४. दहा टक्क्यांच्याही खाली! दोन फुटांची सरकासरक, पण धोका केवढा!

मुक्कामावर दुसरी काळजी घ्यावी लागते. तंबू पुस्तकासारखा उघडतो आणि त्याचा अर्धा भाग ट्रेलरच्या बाहेर अधांतरी येतो. त्याला शिडीचा आधार असतो. पण मोटार सोडलेला ट्रेलर दोनच चाकांवर असतो. तंबू मागच्या बाजूला उघडला आणि दोन माणसं वर चढली, की तो उलार होणारच! म्हणून आधी चाकांना उटी लावायची, चारही कोपऱ्यांखालचे टेकू जमिनीला टेकवायचे आणि मगच शिडीवर पाय ठेवायचा. आणि हो, ट्रेलर चालू असताना त्यात किंवा तंबूत कुणीही बसायचं नाही.

हे सारं तुम्हांला घरीही पाहता येईल. ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. तिच्या २० सेंटिमीटरच्या खुणेखाली षट्कोनी पेन्सिल आडवी ठेवा. ही झाली आस. शून्याचं टोक बोटावर टेकवा. तो झाला हूक. आता पेन्सिलीच्या पुढं पाच-सहा नाण्यांची चळत ठेवा आणि हळूहळू मागं सरकवत न्या. बोटावरचा भार कसा कमी होत जातो, ते नीट जाणवेल. कोणत्या खुणेवर पट्टीचं टोक बोटावरून उचललं गेलं, ते वहीत लिहा. मग नाणी दुप्पट करा आणि पुन्हा पाहा. ती खूण पुढं सरकते की मागं? आधी अंदाज लिहायचा, मगच प्रयोग करायचा बरं का!